घरपट्टी थांबवण्याआधी बिलातली नोंद वाचा

दादा, सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून घरपट्टी भरायचीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. चीड रास्त आहे, उजनी धरण भरलेलं असतानाही आपण बॅरल भरून ठेवतो. पण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, वर्षाला २४ टक्के. गृहकर्जसुद्धा एवढं महाग नसतं!

भांडायचं ते करयोग्य मूल्यावर. घराचं वर्षाचं अपेक्षित भाडं, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, उरेल ते करयोग्य मूल्य, त्यावर कर. तिथली नोंद चुकली की दरवर्षीचं बिल चुकतं. आपल्या शहराच्या पूर्व भागात तर हे बघाच. साखर पेठेत ओळखीच्या एका घरात पुढच्या खोलीत टॉवेलचे माग होते. ते कधीच भंगारात गेले, फरशीत बोल्ट तेवढे राहिलेत, त्यावर आता नातवंडांचा पलंग. महापालिकेला कुणी कळवलंच नाही, त्यामुळे बिलावर खोली बिगरनिवासीच. दर चढा, वर राहत्या घराला न लागणारा रोजगार हमी कर. शेवटी त्यांनी नोंद बदलायच्या अर्जासोबत फोटो आणि घरगुती मीटरचं वीजबिल जोडलं, मोजणी झाली, नोंद बदलली.

नवीन आकारणीची नोटीस आली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्याच. पुढे कोर्टात अपील करायचं तरी आधी ही हरकत दिलेली लागते, आणि वादातली रक्कमही भरावी लागते.