‘काउंटी सीट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लहान गावांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘स्मिथ सेंटर हे स्मिथ काउंटीचं…’ इथेच अडले. काउंटी म्हणजे जिल्हा धरू की तालुका? ‘काउंटी सीट’ला, म्हणजे काउंटीचा कारभार जिथून चालतो त्या गावाला, आधी ‘काउंटीची जागा’ लिहिलं, पण ती निवडणुकीतली जागा वाटते.

प्रतिसाद : परगणा लिहा की. आपलाच जुना शब्द आहे.

प्रतिसाद : ताई, परगणा नको. तो शब्द आला की देशमुख-देशपांडे आणि मोडी दफ्तर डोळ्यांपुढे येतं, आणि तुमच्या लेखात गव्हाची कोठारं असणार.

आकार बघायचा तर काउंटी तालुक्याच्या जवळची. आपला सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर, त्यात ११ तालुके, म्हणजे तालुक्याला सरासरी साडेतेराशे. कॅन्ससच्या १०५ काउंट्यांची सरासरी दोन हजारांच्या आसपास जाते. पण कारभार वेगळा. आपला तहसीलदार सरकार नेमतं, तिथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, लोक निवडून देतात. तालुक्यावर जिल्हा असतो, काउंटीवर थेट राज्य. शब्दांची मुळंही निराळी. काउंटी म्हणजे मुळात काउंट या सरदाराचा मुलूख. तालुका आला अरबी ‘तअल्लुक’वरून, म्हणजे संबंध, जोडलेलं असणं. म्हणून नावात ‘काउंटी’ तशीच ठेवा.

‘सीट’साठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे : ठिकाण. तालुक्याचं ठिकाण, जिल्ह्याचं ठिकाण असं आपण रोज बोलतो. या ‘ठिकाणा’त कचेरी, कोर्ट, खरेदीखत सगळं आलं. गाव केवढं आहे, हे त्यात येत नाही.

आमचं गाव माढा तालुक्यात. आजोबा कापडी पिशवीत कागद घालून, धोतर नीट करून निघाले की कुणी ‘कुठं?’ विचारत नसे. ते माढ्याला निघालेत, उताऱ्याचं नाहीतर कोर्टाचं काम आहे, हे ठरलेलं. कुर्डुवाडीला जाताना पिशवी रिकामी असायची आणि येताना भरलेली. कुर्डुवाडी नावाप्रमाणे कुर्डू गावाची वाडी, पण रेल्वेचं जंक्शन झालं आणि ती कुर्डूच्याच काय, माढ्याच्याही पुढे गेली. ठिकाण मात्र माढाच राहिलं. माळशिरस आणि अकलूजचं तेच. अकलूजच्या गाड्यांना एमएच ४५ हा स्वतःचा क्रमांक आहे, तरी पत्त्यात ‘ता. माळशिरस’च लिहायचं.

कॅन्ससमध्येही हे घडलंय. क्रॉफर्ड काउंटीत कोळशाच्या खाणींवर पिट्सबर्ग वाढलं, पण काउंटीचं ठिकाण आहे लहानसं गिरार्ड. म्हणून ‘मुख्य शहर’ असं भाषांतर करू नका, तिथे अर्थच उलटा होतो. आयोवातल्या ली काउंटीला तर दोन ठिकाणं आहेत, फोर्ट मॅडिसन आणि किओकक. आपल्याकडे याच्या उलट : उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर हे तालुके दोन, आणि दोघांचं ठिकाण एकाच सोलापूर शहरात.

एक गोष्ट वाचकाला ओळीतच सांगून टाका. आपण ‘मु. पो., ता., जि.’ लिहिल्याशिवाय पत्ता पुरा मानत नाही. अमेरिकेतल्या टपालाच्या पत्त्यात काउंटी नसतेच. गाव, राज्य आणि पिनसारखा आकडा, झालं. त्यामुळे तुमच्या मूळ लेखात काउंटीचा उल्लेख आला असेल, तर तो लेखकाने मुद्दाम केलाय. गाळू नका.

प्रश्नकर्ती : ‘स्मिथ सेंटर हे स्मिथ काउंटीचं ठिकाण.’ बसलं वाक्य! आता याच काउंटीतलं लेबनन. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य त्याच्याजवळ धरतात. कायद्याने ते ‘सिटी’ आहे, वस्ती दोनशेच्या आतबाहेर. शहर लिहू?

प्रतिसाद : गाव लिहा. ‘सिटी’ हा तिथला कायदेशीर दर्जा आहे, तो एकदा सांगितला की पुरे. आणि गाव या शब्दात पुष्कळ मावतं. जुळे सोलापूर या सोलापूरच्या उपनगरात राहणारा माणूस शहरातल्या नव्या पेठेत खरेदीला निघाला की घरात काय सांगतो? ‘जरा गावात जाऊन येतो.’