छोट्या गाड्या अमेरिकेतून सरकारी नियमामुळे गेल्या. पटतंय का?

चाकजोड: फोर्डची फिएस्टा 2019ला बंद, होंडाची फिट आणि टोयोटाची यारिस 2020ला, शेवरोलेची स्पार्क 2022ला. खापर मात्र दरवेळी गिऱ्हाइकावर: अमेरिकनांना मोठीच गाडी लागते म्हणे. मुळात 2011 पासून कारने किती मायलेज द्यायचं हे चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतं. गाडी जितकी लहान, तितकं लक्ष्य अवघड. 'लाइट ट्रक'ला, म्हणजे पिकअप-एसयूव्हींच्या गटाला, मोजपट्टीच वेगळी आणि सैल. ऑल-व्हील ड्राइव्ह बसवा, मग पुढून चढायचा कोन 28 अंश, पोटाखाली 20 सेंमी अशा पाच अटींपैकी चार भरा, की कार कागदोपत्री ट्रक!

हिशेबी: अर्धंच सांगितलंत. त्याच 2011 पासून टू-व्हील ड्राइव्हच्या साध्या क्रॉसओव्हर (कारच्याच सांगाड्यावरच्या उंच गाड्या) कारमध्येच मोजल्या जातात, तरी धडाधड खपतात. शिवाय चाकांमधलं क्षेत्रफळ 41 चौरस फुटांखाली गेलं की लक्ष्य आणखी कडक होत नाही. फिट जेमतेम 40ची. खरी मेख पेट्रोलच्या दरात आहे. फिटचं मायलेज गॅलनला 36 मैल, तिच्याच सांगाड्यावरच्या एचआर-व्ही या क्रॉसओव्हरचं 30. वर्षाला 12,000 मैल धरले तर 333 गॅलन विरुद्ध 400. तीन डॉलर दराने वर्षाचा फरक 200 डॉलर! तेवढ्यासाठी उंच सीट कोण सोडतंय? पेट्रोल स्वस्तच, कारण केंद्राचा पेट्रोल कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवरच आहे.

चाकजोड: आणि किमतीतला फरक? 2020ला फिट 16 हजारांच्या आसपास, एचआर-व्ही 21 हजारांच्या. 72 हप्त्यांत महिन्याला 70 डॉलर, व्याज वेगळं. पेट्रोल धरून वर्षाचे हजार झाले की!

हिशेबी: ज्याला हजार डॉलर टोचतात तो नवी गाडी घेतच नाही. तो तीन वर्षं वापरलेली कोरोला उचलतो. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा 60,000 मैल, म्हणजे रनिंग कमी असेल तर दोन वर्षं शिल्लक. नव्या स्पार्कची खरी स्पर्धा तिच्याशी होती.

क्लचप्लेट: दोघेही मालाबद्दल बोलत नाही आहात. फिएस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन कोरडे (तेलात न बुडणारे) क्लच होते. इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून त्यांवर आलं की सिग्नलला गाडी थरथरायची. प्रकरण कोर्टात गेलं. 2014च्या क्रॅश टेस्टमध्ये, समोरचा फक्त कोपरा धडकवतात त्या, 11 मिनी गाड्यांतली एकटी स्पार्क बरी निघाली. शेजारून तीन टनी पिकअप जात असताना बाप लेकीला यातली कुठली घेऊन देईल?

चाकजोड: फिएस्टाचं मान्य. फिटला कुठे तो गिअरबॉक्स होता? मेक्सिकोतल्या सेलायाच्या एकाच कारखान्यात फिट आणि एचआर-व्ही दोन्ही बनायच्या. कंपनीने जास्त नफ्याची ठेवली.

हिशेबी: मग नियम कुठे राहिला? नफाच म्हणताय. आणि 2025मध्ये मायलेजचं लक्ष्य चुकवल्याचा दंड शून्यावर आणलाय. तुमचं खरं असेल तर आता फिट परत यायला हवी.