जर्मनीत शहर निवडताना आपण राज्य निवडत असतो, हे येणाऱ्यांना कोणी सांगणार आहे का?

इसारकाठ:
पुण्याहून येऊ घातलेल्या एका गृहस्थांनी या मंचावर जर्मनीत कोणते शहर निवडावे असे विचारले होते. त्यावर दख्खनी यांनी उत्तर दिले की म्युनिक मिळत असेल तर दुसरीकडे पाहूच नये. पगार चांगला, मराठी माणसे भरपूर, इंग्रजीवर निभावते आणि मुंबईला थेट विमान आहे. विचारणाऱ्यांचा मुलगा यंदा तिसरीत जाणार आहे आणि पत्नी दंतवैद्य आहेत. या दोन्ही गोष्टी प्रश्नात स्पष्ट लिहिलेल्या असूनही उत्तरात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणून मी सविस्तर लिहीत आहे.

येथे शाळा हा विषय केंद्राकडे नसून राज्यांकडे आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, चौथीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला जे प्रमाणपत्र मिळते, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (येथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ सर्वात वाईट) तरच गिम्नाझियमचा, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेचा, रस्ता सरळ उघडतो. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत चालते, आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये शाळा शिफारस करते, पण अखेरचा निर्णय पालकांचा असतो. तिसरीच्या आरंभी म्युनिकला आणलेल्या मुलाला नवी भाषा आत्मसात करण्यासाठी जेमतेम दीड वर्ष मिळते; तेच मूल बर्लिनला गेले असते तर त्याला आणखी दोन वर्षे मिळाली असती. दंतवैद्यकाचा परवानाही राज्याचेच खाते देते, आणि त्यासाठीची व्यावसायिक भाषेची परीक्षा अर्थातच जर्मनमध्ये असते. इंग्रजीवर निभावेल ते फक्त नवऱ्याचे.

म्युनिकचे घरभाडे देशात सर्वाधिक आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्र जाहिरातीतली काल्टमीटे (नुसते भाडे) पाहून हिशेब मांडणाऱ्यांना वार्ममीटे (हीटिंग व इतर खर्चांसह भाडे) आणि तीन महिन्यांची अनामत यांची जाणीव येथे आल्यावरच होते, आणि तोपर्यंत नोकरीच्या करारावर सही झालेली असते.

दख्खनी:
माझ्या उत्तराचा मूळ मुद्दा वगळून आपण चार वाक्ये निवडलीत, हे मला खटकले. मी म्हटले होते की शहर पहिल्या नोकरीकडे पाहून निवडायचे नसते, दुसरी नोकरी कोठे मिळेल हे पाहून निवडायचे असते. ब्लू कार्डावर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर, असताना नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागते, आणि ती मुदत संपत आली की घरातले बोलणे कसे बदलते हे मी अनुभवले आहे. माझा पहिला मुक्काम बायर्नच्या उत्तरेकडील फ्रांकेनमधल्या एका छोट्या गावात होता. घर मोठे होते, भाडे कमी होते, शेजारी सज्जन होते. आमचा विभाग बंद झाला तेव्हा त्या परिसरात माझ्या कामाचा दुसरा एकही मालक नव्हता. मुलीची कीटा (बालवाडी), पत्नीचा भाषावर्ग आणि नुकतेच बसवलेले स्वयंपाकघर, सगळे सोडून निघावे लागले. येथे भाड्याच्या घरात स्वयंपाकघर बहुतेकदा स्वतः बसवावे लागते आणि जाताना ते मिळेल त्या किमतीला काढून टाकावे लागते, हे आपल्याला माहीत असेलच.

फोल्क्सवागनने २०२४ च्या डिसेंबरात कामगार संघटनेशी जो करार केला, त्यानुसार जर्मनीतील ३५,००० हून अधिक नोकऱ्या २०३० पर्यंत कमी व्हायच्या आहेत. वोल्फ्सबुर्गमध्ये, त्या कंपनीच्याच गावात, घर घेऊन बसलेल्या माणसाला आपण कोणत्या राज्यातील शाळेचा नियम वाचून दाखवणार आहात? म्युनिकमध्ये नोकरी गेली तर मुलाची शाळा न बदलता दुसऱ्या कंपनीत जाता येते. भाडे हा त्या निश्चिंतीचा मोबदला आहे आणि तो मी समजून-उमजून देतो.

तिसरी_घंटा:
दख्खनी, निश्चिंती कोणाची, हा माझा प्रश्न आहे. आम्ही बायर्नमध्ये आलो तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. गणितात त्याला १ मिळत असे आणि जर्मनमध्ये ४. परिसर अभ्यासाच्या उत्तरपत्रिकेत त्याला उत्तर ठाऊक असायचे, पण वाक्य जुळवता येत नसे. शाळेत दहा मिनिटांच्या भेटीत बाईंनी सांगितले की मूल शांत आहे, त्याच्यावर ताण देऊ नये, मिटेलशूले, म्हणजे व्यवसायशिक्षणाकडे नेणारी शाळा, त्याच्यासाठी योग्य ठरेल. दहा वर्षांच्या मुलाबद्दल असे काही ठरवले जाते याची कल्पना पुण्यात असताना आम्हाला कोणी दिली नव्हती. नवऱ्याच्या कंपनीने स्थलांतरासाठी नेमलेल्या बाईंनी अनमेल्डुंगपासून (पत्त्याची नोंदणी) शूफापर्यंत (आर्थिक पत दाखवणारा अहवाल) सगळे समजावले, परंतु शाळेबद्दल ‘जवळची शाळा मिळेल’ यापलीकडे एक शब्द काढला नाही.

त्या वर्षी घरात रोज रडारड होती. पगार, मंडळाचा गणपती, थेट विमान, यांतले काहीही त्या मुलाच्या उपयोगाचे नव्हते.

व्युर्टेम्बर्गकर:
ताई, आपला अनुभव कष्टाचा आहे, पण नियमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या मुलांनी पहिलीपासून सलग जर्मन शाळेत शिक्षण घेतलेले नाही, त्यांच्यासाठी बायर्नच्या नियमांतच सवलत आहे. गुण केवळ भाषेच्या अडचणीमुळे घसरले असतील आणि ती अडचण दूर होण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीलाही गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येते. त्याखेरीज प्रोबेउंटररिष्ट, म्हणजे चाचणीसाठीचे वर्ग, हा तीन दिवसांचा मार्ग आहेच. आपण शाळेकडे लेखी विचारणा केली असती तर चित्र वेगळे दिसले असते. शिवाय राज्य पाहून निवड करा म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की राज्ये नियम बदलतात. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१२ मध्ये शिफारशीचे बंधन काढले आणि आता शिक्षकांची शिफारस, कोम्पास ४ ही चाचणी आणि पालकांची इच्छा यांपैकी दोन जुळल्या पाहिजेत, असे करून ते बऱ्याच अंशी परत आणले. आज नियम पाहून घर बदललेल्या माणसाने उद्या काय करावे?

तिसरी_घंटा:
लेखी विचारणा करण्यासाठी असा नियम आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ज्या शाळेला तो ठाऊक होता तिने तो सांगितला नाही, आणि आपण मात्र विचारले नाही म्हणून मला दोष देत आहात. त्या वेळी मी स्वतः ए२ च्या, म्हणजे जर्मनच्या प्राथमिक पातळीच्या, वर्गात बसत होते. शाळेचे पत्र संध्याकाळी नवरा घरी आल्यावर भाषांतर करून वाचायचे आणि उत्तराची मुदत उलटून गेलेली असायची. नियमाचा आकडा सांगणे सोपे आहे.

दख्खनी:
येथे मला एक कठोर गोष्ट सांगावीशी वाटते. आपण गिम्नाझियमकडे दहावीच्या गुणवत्ता यादीसारखे पाहतो, आणि निम्मे दुःख तेथूनच येते. माझी मुलगी रेआलशूलेत (दहावीपर्यंतची मधली शाळा) गेली, तेथून एफओएस (उच्च शिक्षणाकडे नेणारी पुढची शाळा) केले आणि आज हॉखशूलेत (उच्च शिक्षणसंस्था) अभियांत्रिकी शिकते. आमच्याकडे कोणी रडले नाही. मिटेलशूलेतून आउसबिल्डुंग (कामासोबतचे व्यवसायशिक्षण) करून स्वतःचा व्यवसाय उभा करणारी माणसे माझ्या इमारतीत आहेत आणि ती माझ्याहून निवांत जगतात. एका प्रमाणपत्राच्या भीतीने शहर टाळायला सांगणे हे येणाऱ्याचे नुकसान करणे आहे.

इसारकाठ:
आपल्या मुलीचे कौतुक वाटते. परंतु आपण आधीच सांगितल्याप्रमाणे ती कीटाच्या वयात येथे होती. भाषा तिने खेळता खेळता उचलली असणार. तिसरीत आलेल्या मुलाशी तिची तुलना करून आपण एका आईला ‘तुम्ही उगाच रडलात’ असे सुचवत आहात, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

माणदेशी:
मी लाइपझिशला परिचारिका आहे. इतका वेळ हे वाचताना वाटत होते की शहर निवडणे ही चैन आपल्यापैकी थोड्यांनाच परवडते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या बातमीनंतर माझ्या गावाकडच्या मुली फोन करून स्टुटगार्ट कसे आहे असे विचारतात. मी त्यांना सांगते की बहुधा तुम्हाला रुग्णालय निवडेल, आणि ते स्टुटगार्टपासून लांब कोठे तरी असू शकेल. पदवीची मान्यताही राज्याच्याच कार्यालयातून येते. ती हातात येईपर्यंत मदतनीस म्हणून काम करावे लागते आणि त्या काळात शहर बदलायचे मनात आणले तरी धीर होत नाही.

लाइपझिशबद्दल मला नेहमी विचारले जाते की भीती वाटते का. २०२४ च्या राज्य निवडणुकीत सॅक्सनीत, म्हणजे लाइपझिशच्या राज्यात, एएफडी या स्थलांतरविरोधी पक्षाला ३० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, हे मीही वाचले आहे. रात्रपाळी संपल्यावर ट्रामच्या थांब्यावर मी पदपथाच्या आतल्या बाजूला उभी राहते. एकदा एक माणूस तोंडावर घाणेरडे बोलून गेला होता. त्याच गल्लीतल्या आजी मात्र माझे जर्मन सुधारावे म्हणून दर रविवारी कॉफीला बोलावतात आणि चुका तिथल्या तिथे दुरुस्त करतात. म्युनिकमधल्या माझ्या मैत्रिणीला तिच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे नावही ठाऊक नाही. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय मी कोणाला ये किंवा येऊ नको म्हणणार नाही.

दख्खनी:
माणदेशी ताईंचे म्हणणे पटते. शाळेच्या वयाचे मूल असेल तर राज्याचा नियम पाहून मगच करार करावा, एवढे मी मान्य करतो. त्यापुढचे काहीही मान्य करत नाही. शिवाय यावर साधा उपाय आहे. त्या गृहस्थांनी एकट्याने म्युनिकला यावे, नोकरी पक्की करावी, आणि पत्नीचे भाषेचे शिक्षण व मुलाची चौथी पुण्यातच पूर्ण होऊ द्यावी. पाचवीत आणले की २.३३ चा प्रश्नच उरत नाही.

तिसरी_घंटा:
तो प्रश्न आणखी अवघड होतो. जर्मन न येणारे मूल पाचवीच्या वयात बायर्नमध्ये आले की त्याला बहुतेक वेळा मिटेलशूलेच्या डॉइचक्लासमध्ये (जर्मन शिकवणारा वेगळा वर्ग) बसवतात, आणि तेथून गिम्नाझियमच्या वर्गात जाणे चौथीतल्या सरासरीपेक्षा कठीण असते. आमच्या ओळखीचे एक कुटुंब नेमके याच विचाराने उशिरा आले आणि आज त्यांची मुलगी वयाने दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर शिकते. म्युनिकच हवे असेल तर मुलाला आत्ताच आणावे, पत्नीनेही सोबत यावे, आणि पहिल्याच भेटीत शाळेला ३.३३ च्या सवलतीबद्दल लेखी विचारावे. व्युर्टेम्बर्गकरांनी जे मला सांगितले ते त्यांना तरी वेळेवर कळू दे.