अवशेषांग की निरुपयोगी अवयव?

कुतूहल: उत्क्रांतीच्या पुराव्यांवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय. माकडहाड, कान हलवणारे स्नायू, देवमाशाची कटीची हाडं या सगळ्यांना मिळून मी 'अवशेषांगे' (म्हणजे पूर्वजांच्या अवयवांची उरलेली रूपं) लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी सरसकट 'निरुपयोगी अवयव' करून टाकलं. वाचकाला पटकन कळतं म्हणे. कळतं खरं, पण भलतंच कळतं असं मला वाटतं. तुम्ही काय लिहाल?

बिनटोपी: शाळेत शब्द 'अवशेषांगे' होता आणि व्याख्येत 'निरुपयोगी' होतंच. मग बाईंचं काय चुकलं?

शेवंती: व्याख्याच ढिली होती, दुसरं काय. देवमाशाचंच घ्या. मागचे पाय नाहीत, तरी कटीची दोन हाडं आत मांसात रुतलेली असतात, कण्याशी त्यांचा सांधा नाही. त्यांना जननेंद्रियाचे स्नायू जोडलेले असतात, म्हणजे काम आहेच. पण त्या कामासाठी चतुष्पादांच्या कटीसारखी हाडं असायची गरज नव्हती. पुरावा तो आहे: आज त्याचा उपयोग काय, यावर नाही, ते कुणाच्या हाडाचं उरलेलं रूप आहे यावर तो उभा आहे. 'निरुपयोगी' लिहिलंत की उद्या कुणीतरी उपयोग दाखवणार आणि म्हणणार, बघा, पुरावा कोसळला. आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) बाबतीत हेच चालू आहे. त्यात प्रतिकारशक्तीच्या उती आहेत म्हटल्यावर लोकांना उत्क्रांतीच खोटी ठरल्याचा आनंद होतो.

खडूस: 1893 साली वीडरशाईम नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने माणसातल्या अशा 86 अवयवांची यादी केली होती. त्यातल्या कित्येकांची कामं पुढे सापडली. तेव्हा शेवंतीताईंशी सहमत. (असं वारंवार होत नाही, नोंद घ्यावी.)

बिनटोपी: माकडहाडावर एकदा पायरीवरून आपटून बघा, उपयोग नसलेलं हाड किती दुखतं ते. बाकी आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं हे दिसतंच. उगाच का 'माकडहाड' म्हणाले!

खडूस: शेपूट जिथे फुटते तिथलं हाड, म्हणून माकडहाड. एवढ्यावरून पूर्वजांना उत्क्रांती कळत होती म्हणायचं, तर अक्कलदाढेवरून दंतवैद्यांना बुद्धी दातात असते असं वाटत होतं म्हणायचं का?

शेवंती: गर्भाला मात्र खरंच शेपूट असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नीट दिसते, आठव्यापर्यंत जिरते. आणि बिनटोपी, चिंपांझी-गोरिलांनाही शेपूट नाही. त्यांना 'माकड' म्हणणं हा वेगळा वाद आहे, तो इथे नको.

उंटावरचा: 'अवशेष' म्हटलं की मला पडके वाडे दिसतात. इंग्रजीत यांना 'व्हेस्टिजिअल' म्हणतात, त्यामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ पाऊलखूण. आपल्याकडे 'माग' आहे ना, माग काढणे, मागमूस! 'मागांग' करा.

खडूस: मागांग! प्राकृत माग आणि संस्कृत अंग यांचं लग्न कुणी लावलं?

उंटावरचा: तुमच्या शुद्धपणापायीच लोक सरळ इंग्रजी शब्द वापरतात.

मोडीवाचक: उशिरा येतोय. 1859 च्या ग्रंथात डार्विनने या अवयवांची तुलना शब्दातल्या अशा अक्षरांशी केली आहे, जी लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत, मात्र व्युत्पत्ती शोधताना धागा देतात. आपल्याकडे याला तयार उदाहरण आहे: अनुच्चारित अनुस्वार. 'दांत' मधला दन्त सांगायचा, 'कांटा' मधला कण्टक, 'नांव' मधला नाम. 1962 च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे आणि न होणारे, दोन्ही एका फटक्यात उडवले.

कुतूहल: हे तर प्रकरणातच घालण्यासारखं आहे. पण मूळ शब्दाचं...

खडूस: उडवले ते बरंच केलं. उच्चार नाही तर टिंब कशाला? निरुपयोगी.

शेवंती: आलात ना बाईंच्या शब्दावर! 'नांव' आणि 'नाव' यांत नावाड्याची होडी कुठली हे त्या टिंबाने कळायचं. मूळ काम गेलं, दुसरं उरलं. डार्विननेही हेच म्हटलंय: दोन कामं करणाऱ्या अवयवाचं मुख्य कामसुद्धा नाहीसं होऊ शकतं आणि दुसरं नीट चालू राहतं.

खडूस: 'नाव बुडाली' यात कुणाचं नाव बुडालं असा गोंधळ मला तरी कधी झाला नाही. संदर्भ असतो, क्रियापद असतं.

मोडीवाचक: आजी पत्रात 'घरें', 'माणसें' लिहायची आणि वाचताना नाकातून किंचित हेल यायचा. 'अनुच्चारित' हे नियम करणाऱ्यांचं मत.

बिनटोपी: आमच्याकडे सगळेच नाकात बोलतात, पण ती सर्दी.

कुतूहल: मी तूर्त 'अवशेषांगे' ठेवतो आणि बाईंना देवमासा पाठवतो. उंटावरचा, 'माग' कंसात चालेल?

उंटावरचा: कंसात कशाला, शीर्षकात घ्या.

खडूस: देवमासा हा मासा नाही, हे शब्द पाठवण्याआधी कुणी बोलणार आहे का?

मोडीवाचक: ते राहू द्या. 'कांहीं' मध्ये दोन अनुस्वार होते. दोन्ही व्युत्पत्तीने सिद्ध होतात की एक नुसता हौसेचा?