निर्गुडीचं तेल दहा दिवसांत कुबट का होतं?

ओढ्याकाठी: पाव लिटर तिळाच्या तेलात निर्गुडीचा वाटलेला पाला घालून वीस मिनिटं उकळलं आणि गाळलं. दहा दिवसांत बाटलीच्या तळाशी पाणी, वर कुबट वास. प्रमाण चुकलं की आच? आईच्या गुडघ्यांना चोळायचंय, वय ७०.

खलबत्ता: पाणी राहिलं, दुसरं काही नाही. वीस मिनिटांत पाल्यातलं पाणी आटत नाही. निर्गुडीला रस कमी, म्हणून काढा बरा. १ किलो ताजा पाला ४ लिटर पाण्यात, झाकण न ठेवता, १ लिटर उरेपर्यंत उकळा. गाळून त्यात २५० मिली तेल आणि ४० ग्रॅम पाल्याचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, घाला (काढा असेल तर कल्क तेलाच्या सहावा भाग, स्वरस म्हणजे पिळलेला रस असेल तर आठवा). तेल शिजवायचं पातेलं रुंद, तीन लिटरचं तरी हवं, कारण शेवटी फेस चढतो. आच मंद, आणि तळ सतत खरवडत राहा. कल्क तळाला बसला की जळतो आणि सगळ्या तेलाला करपट वास लागतो.

पाक झाला, म्हणजे तेल शिजलं, हे घड्याळावरून ठरवू नका. कल्क चिमटीत वळला की त्याची वात व्हायला हवी. ती विस्तवावर टाकली आणि तडतडली, तर पाणी आहे. तेल झालं की फेस येतो (तुपाचं उलटं, तिथे फेस विरतो). चोळायच्या तेलाला खरपाक चालतो, म्हणजे कल्क थोडा कडक झालेला. काळा पडला तर मात्र तेल टाकून द्या.

पाटा_वरवंटा: एका दिवसात उरकायची घाई नको. संध्याकाळी आच बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मंद आचेवर ठेवा. कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून गाळा. बाटली काचेची, उन्हात वाळवलेली. धुऊन पुसलेली बाटली म्हणजे पुन्हा तोच कुबटपणा!

खलबत्ता: हो, बाटलीचं राहिलंच होतं.

सुंठवडा: तेलाआधी गुडघा बघा. लाल, गरम, सुजलेला असेल, सोबत ताप असेल, तर चोळू नका. आमवातात (सांधे सुजून दुखण्याच्या आजारात) आयुर्वेदही तेल वर्ज्य सांगतो. तिथे तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात, आणि डॉक्टरांना दाखवायचंच. थंड, आखडलेल्या, कटकट वाजणाऱ्या गुडघ्याला कोमट तेल हलक्या हाताने दहा मिनिटं, मग शेक. याने आखडलेपण सैल होतं. हाडाची झीज भरून येत नाही, तेवढी अपेक्षा तेलाकडून ठेवू नका. आई पडल्या असतील तर आधी एक्स-रे.