मदत हवी आहे: मुलं अभ्यासात रमावीत म्हणून तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी, मी चोपडा तालुक्यात सातवीला गणित आणि इतिहास शिकवतो.

परवा क्षेत्रफळाचा तास होता. पुस्तकातला आयत बाजूला ठेवला आणि विचारलं, पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात खोडं किती बसतील? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले २५. उत्तर साधारण १,७४२ आलं. लगेच एक मुलगा उठला, "सर, बांध आन् पाट सोडाले लागस ना!" मग वाद, फळ्यावर आकृती, पुन्हा हिशेब. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही.

मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलंय: काम फार सोपं असलं की कंटाळा येतो, फार अवघड असलं की धास्ती वाटते, आव्हान कुवतीच्या जरा पुढे असलं की माणूस त्यात बुडून जातो. पण माझ्या वर्गात कुवत एकसारखी नाही. काहींना भागाकारच जमत नाही, काहींचं उत्तर दोन मिनिटांत तयार. एकच प्रश्न दोघांना कसा पुरायचा?

आणि इतिहासाचं काय? तिथे केळीचा मळा कामाला येत नाही. सनावळी सुरू झाली की डोळे खिडकीबाहेर. घरी अहिराणी बोलणारी मुलं प्रमाण मराठीत उत्तर द्यायलाही बिचकतात, म्हणून मी त्यांना अहिराणीत बोलू देतो. ते मला बरोबरच वाटतं.

बक्षिसं, चांदण्या नकोत. त्या संपल्या की रसही संपतो. तुमच्या वर्गात प्रत्यक्ष चाललेला एखादा इतिहासाचा तास सविस्तर सांगाल का? मोबाईल-प्रोजेक्टरशिवायचा असेल तर फारच बरं.