कोट दिले तरी रिकामा फोल्डर नडते
बॅश म्हणजे लिनक्समधी टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल; त्याच्या स्क्रिप्टमधी व्हेरिएबलले डबल कोट लावले की फाइलायच्या स्पेसवाल्या नावायचा प्रश्न मिटते, हे एका भाऊंनी म्हटलं ते बरोबरच हाय, पण रिकाम्या फोल्डरचं कोणी बोललंच नाही. मी गावातल्या लोकायच्या सातबाऱ्याच्या पीडीएफ रोज रात्री पेनड्राइववर टाकाची स्क्रिप्ट लावली होती, फॉर लूपमधी स्टार डॉट पीडीएफ (म्हणजे फोल्डरातल्या सगळ्या पीडीएफ एकेक करून घ्याचा पॅटर्न), व्हेरिएबलले कोट बी बराबर दिले. पोळ्याच्या दिवशी एकही फाइल नव्हती तं बॅशनं तो स्टार तसाच पुढे ढकलला अन् सीपी (कॉपी करणारी कमांड) बोंबलत बसलं की अशी फाइलच नाही. झेडशेल (बॅशसारखाच दुसरा शेल) असतं तं तिथंच एरर देऊन थांबलं असतं. बॅशमधी शॉप्ट मायनस एस नलग्लॉब लावा, म्हणजे फाइल जुळली नाही तं पॅटर्न रिकामा होते, मंग लूप फिरतच नाही. फक्त नलग्लॉब चालू ठेवून एलएस (फाइलायची यादी दाखवणारी कमांड) स्टार डॉट पीडीएफ मारू नका राजेहो, पीडीएफ नसली तं पॅटर्नच गायब होते अन् अख्खा फोल्डर दिसते.